हवेऐवजी पोलाद

उताराच्या मध्यावर, स्प्रूसच्या झाडाखाली सायकल आडवी टाकून मी बसले होते आणि दोन्ही हात ओलं कुत्रं अंग झटकतं तसे झटकत होते. पाऊस झिमझिमत होता... स्कॉटलंडमधल्या या ट्वीड नदीच्या खोऱ्यात तो झिमझिमतच असतो, त्याचं कुणी मनावर घेत नाही.

वरून कुणीतरी सायकलवर आलं. आलं ते कळलंच नाही! ना खडखड, ना धडधड. मुळांवरून, दगडांवरून नुसती चिखलाची चुबुकचुबुक. माझ्याजवळ येऊन तो थांबला. नाकावर चिखलाचा ठिपका, पापण्यांवर थेंब.

"हात गेले वाटतं?"

"आहेत अजून. एक ठेवून देऊन दाखवू?"

"नको... दिसताहेत." तो हसला. "मूठ वळत नाही ना?"

खरंच वळत नव्हती. लांबलचक उतारावर माझे हात असेच बधिर व्हायचे. मागच्या शर्यतीत शेवटच्या कड्यावर बोटं सुटली आणि मी थेट काटेरी झुडपात. आता रविवारी मोसमातली शेवटची शर्यत होती. टीम माझ्या भावाची, डगलची. त्यानं बजावलं होतं, "शोना, या वेळी हात सुटले तर तुझी जागा दुसऱ्या कुणाला."

तो माझ्या सायकलवर वाकला आणि पुढचा फोर्क, चाकाचे धक्के झेलणारा तो दुहेरी दांडा, दाबून बघायला लागला.

"माझा फोर्क विचारून दाबायचा."

"चुकलं." त्यानं हात मागे घेतला. "दाबू?"

"...दाब."

"हवेचा आहे," तो म्हणाला. "हवा कोंडायला आत घट्ट रबरं. बारीक खडा आला की हा हलतच नाही, सगळा थरथराट तुझ्या मनगटात. हवा काढू, पोलादी स्प्रिंग घालू."

"डगल म्हणतो, स्प्रिंग म्हणजे उगाच पाव किलो ओझं."

"डगलचे हात दुखतात का?"

त्याचं नाव रूरी. लोकरीच्या जुन्या गिरणीत एका कोपऱ्यात त्याचं दुरुस्तीचं दुकान. दुपारी मी तिथं गेले. त्यानं आधी फोर्कमधली हवा सोडली... फुस्स करून लांब उसासा निघाला.

"हवा ठेवून झाकण उघडलं तर झाकण छपराला जातं," तो म्हणाला. मग नजर चुकवत, "वजन?"

"बाईमाणसाला वजन विचारतोस?"

"मी नाही, स्प्रिंग विचारतेय. मी नुसता निरोप्या. हेल्मेट, बूट, पाठीवरचं पाणी... सगळं धरून सांग."

सांगितलं. खरं सांगितलं! आत स्प्रिंग बसली, तेल गेलं, झाकण आवळलं. आता मी सायकलवर उभं राहायचं आणि माझ्या भारानं फोर्क किती खचतो ते मोजायचं. तोल धरायला कुणीतरी पुढं लागतंच. रूरीनं पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, हँडल दोन्ही हातांनी. माझे हातही तिथंच. त्याचा चेहरा... वीतभर अंतरावर.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"मी नाही हलत. तूच हलतोयस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगरावर गेले. बारीक खडे कुठं गेले कळेना, वाट जणू लोकरीची झाली. पण पहिल्या मोठ्या उडीला फोर्क तळाला आपटला—धाड! दुसरीला पुन्हा धाड! खांद्यापर्यंत झिणझिण्या. तशीच चिखलानं माखून गिरणीत शिरले.

"कुठली घातलीस?"

रूरी कान खाजवायला लागला. "तुझ्या वजनाला तक्त्यात निळी होती. मी पिवळी घातली... एक पायरी मऊ."

"का?"

"काल ते हात झटकत होतीस ना... बघवेना मला."

मला राग आला, आणि रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, त्याचा आणखी राग आला.

"मला गादी नकोय, रूरी! डगल म्हणतो तुझ्याच्यानं होणार नाही, आणि तू मला मऊमऊ देतोस. दोघांचं म्हणणं एकच."

त्याचा चेहरा उतरला. "तसं नव्हतं मनात."

"तक्त्यात माझं वजन आहे, माझा वेग नाही. लाल घाल."

"लाल? ती मी धिप्पाड गड्यांना देतो."

"मग आज मला दे."

"तू पडलीस तर..."

"पडले तर उठेन. पडू नये म्हणून मला बांधून ठेवू नकोस. एवढं जमेल?"

तो उठला आणि फळीवरून लाल स्प्रिंग काढली.

रविवारी सुरुवातीच्या रेषेजवळ डगलनं फोर्क दाबून बघितला आणि भडकला.

"टीमची जर्सी हवी तर टीमचा फोर्क. नाहीतर उतरव जर्सी, पोरी."

उतरवली. तिथंच, पावसात. घडी करून त्याच्या हातात दिली. आतल्या विटक्या बनियनवर नंबर टाचला. नंबर माझ्या नावावर होता, टीमच्या नव्हे.

घंटा वाजली आणि मी सुटले. मुळं आली, दगड आले, उड्या आल्या... लाल स्प्रिंग प्रत्येक धक्का गिळत होती आणि मला वर उचलून देत होती. कुठल्याशा वळणावर ओठांत आपोआप ओळी जुळल्या:

*वाऱ्याचा काय भरोसा, बाई, वारा जाईल उडून,*
*पोलादाच्या पोटी माझा धीर ठेवीन दडून.*

शेवटचा कडा आला. ब्रेक दाबायचा होता तिथं दाबला, सोडायचा होता तिथं सोडला.

दुसरी आले. पहिली आली ती माझ्याहून चांगली उतरते, हे मान्य. पण आजवर मी पहिल्या दहांतही नव्हते!

डगल आला. घसा खाकरत म्हणाला, "जागा आहे तुझी. पुढच्या मोसमाला."

"स्प्रिंगसकट?"

"पाव किलो, शोना..."

"स्प्रिंगसकट, डगल."

"...बरं. स्प्रिंगसकट."

"विचार करून सांगते," मी म्हटलं, आणि तो आ वासून बघत असतानाच वळले.

रूरी दोरीपलीकडे उभा होता. ओरडून ओरडून आवाज बसलेला.

"एकदाही..." तो घोगरा बोलला, "एकदाही डोळे मिटले नाहीत मी. मिटावेसे वाटत होते."

"आवडतोस तू मला," मी म्हटलं. "हे विचारून नाही सांगत, सांगून टाकतेय."

"डगल बघतोय, शोना. अख्खं खोरं बघतंय..."

"बघू दे."

हातमोजे काढून फेकले आणि दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला. ओला, गार, दाढीचे खुंट आलेला... आणि खुंटन् खुंट माझ्या बोटांना कळत होता.