रिकाम्या घरातला श्वास

प्रयोगशाळेतल्या काचनळीत कुमुदिनी देवस्थळींनी श्वास सोडला. पडद्यावर निळी रेषा उमटली.

"हा तुझा श्वासठसा, मावशी," त्यांची भाची अन्वया म्हणाली. "प्रत्येकाचा वेगळा. घराच्या भिंतीतला श्वासवेधी त्यावरूनच ओळखतो, आत कोण राहतं ते."

"आणि श्वास सापडला नाही, की घर रिकामं."

"हो. मग नव्या कायद्याने रिकाम्या घराचा कर, दर महिन्याला दुप्पट. तरीही कुणी राहायला आलं नाही, तर पालिका ते घर बेघर कुटुंबाला देते."

कुमुदिनींचं दुसरं घर मुलगा परदेशातून परतेल म्हणून बंद होतं. हृषीकेश दर वेळी 'पुढच्या वर्षी' म्हणायचा. त्याच्या घरात भाडेकरू ठेवायला त्यांचं मन धजत नव्हतं. म्हणून अन्वयाने नाइलाजाने श्वासयंत्र बनवून दिलं. ते त्या बंद घरात कुमुदिनींचाच श्वास अखंड सोडत राहणार होतं.

"फार दिवस चालू ठेवू नकोस," ती म्हणाली. "एक माणूस दोन घरांत राहू शकत नाही. जिथे श्वास जास्त, तेच यंत्रणा राहतं घर मानते."

"मी कुठे जाते गं? घरीच तर असते."

पण त्या बाजारात जात, बागेत बसत, बहिणीकडे मुक्कामाला राहत. यंत्र कुठेच जात नव्हतं. कराच्या नोटिसाही आता यंत्रणेने राहतं मानलेल्या घरी, मुलाच्या बंद दारातच पडत होत्या.

पावसाळा सरता सरता त्या बहिणीकडून परतल्या, तेव्हा त्यांच्या दारात अनोळखी चपला होत्या. आत मूल रडत होतं. दार उघडणारी बाई ओशाळली. "हे रिकामं घर म्हणून आम्हाला मिळालं, काकू. तुमचं सामान पालिकेच्या गोदामात आहे."

कुमुदिनी भांडल्या नाहीत. भांडायचं तर यंत्राबद्दल सांगावं लागलं असतं. त्या थेट मुलाच्या घरी गेल्या आणि कुलपावर श्वास सोडला. इथली कुलपं श्वासावरच उघडत.

दारातून शांत आवाज आला, "कुमुदिनी देवस्थळी घरात आहेत. आपण कोण?"

"मीच कुमुदिनी."

"त्या आत आहेत. त्यांचा श्वास एकाच वेळी आत आणि दाराबाहेर असू शकत नाही. बाहेरचा श्वास नकली समजून पोलिसांना कळवलं आहे. कृपया इथेच थांबा."

त्यांनी दाराला कान लावला. आत कुणीतरी संथपणे श्वास घेत होतं.