आणखी भाऊ नाही

"धाकटा आला का गं, ताई?"

दुधाचा चमचा ताईच्या हातात तसाच राहिला. सकाळपासून तिने दादाच्या उलट्या काढल्या, अंग पुसलं, उशा बदलल्या... आणि डोळे उघडताच ओठांवर कोण? तर धाकटा! आई गेल्यावर लोकांचे कपडे शिवून शिवून तिने या दोघा भावांना वाढवलं, पण दादाचा जीव कायम त्या शेंडेफळात! भांडून घर सोडून गेला, साधा फोन नाही, तरी लाडका तोच. राबायचं ताईने आणि आठवण काढायची त्याची.

"नाही आला. मी आहे ना," ती तुटकपणे म्हणाली.

दादाची अस्थिमज्जा रक्त बनवेनाशी झाली होती. कुणीतरी सख्ख्याने आपली द्यायची होती, आणि ताईची जुळली होती! आता तरी त्याच्या नसानसांत तीच वाहणार, या विचाराने ती किती सुखावली होती... म्हणूनच "आणखी भाऊ-बहीण?" असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा ती बेधडक म्हणाली होती, "आणखी भाऊ नाही." जिभेला हाड नसतं म्हणतात, ते काही उगीच नाही.

दुपारी डॉक्टरबाईंनी तिला बोलावून घेतलं.

"तुम्हाला मुलं किती?"

"दोन. दोघेही मुलगेच."

"तिथेच काळजी वाटते. पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर एक जनुक असतं, त्यापासून एक प्रथिन बनतं. तुमच्यात ते नाही. मुलगे पोटात असताना तुमच्या रक्ताने ते पाहिलं, आणि परकं म्हणून लक्षात ठेवलं असणार. दादांच्या शरीरात तेच प्रथिन आहे, म्हणून तुमच्या पेशी त्यांच्यावर उलटू शकतात."

"म्हणजे माझंच रक्त माझ्या भावाला खाणार?"

"धोका जास्त आहे एवढंच. दुसरं कुणी नसेल तर तुमचीच घेऊ. सख्खा भाऊ असता आणि जुळला असता, तर बरं झालं असतं."

इथेही तोच! गप्प बसली असती तर देण्याचा मान तिचाच होता. ओठांवर आलेले शब्द तिने एकदा गिळलेसुद्धा... पण दादाचा तो पांढराफटक चेहरा! तिला हुंदका आवरेना.

"भाऊ आहे हो! मी खोटं बोलले... मत्सराने आंधळी झाले होते मी!"

निरोप मिळताच धाकटा गॅरेजमधलं काम टाकून तसाच धावत आला. तपासण्या झाल्या. जुळला! ताईच्या काळजात तरीही कळ उठली, ती काही तिला लपवता आली नाही.

मज्जा काढण्याच्या दिवशी तो खाटेवर आक्रसून बसला होता.

"ताई, भीती वाटतेय गं."

"एवढा घोडा झालास, सुईला काय घाबरतोस?"

"दादाला ताप आला की तू त्याला मांडीवर घ्यायचीस. मी दारात उभा राहून बघायचो. मला कधी ताप येतोय याची वाट बघायचो! इतका हेवा वाटायचा मला त्याचा... या घरात तुला मी नकोच, असं वाटून गेलो मी."

आपल्यासाठीही कुणी असं जळत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं! तिने त्याचं तेलकट डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि ती ढसाढसा रडू लागली.

शेजारच्या खोलीतून दादाची क्षीण हाक आली, "ताई, पाणी..."

"नर्सबाई देतील रे," ती डोळे न पुसताच म्हणाली, "मी धाकट्यापाशी आहे!"