पितळेची कड

एकोणीस वर्षांनी भाऊ दारात उभा राहिला आणि ताईनं त्याला ओळखलं ते त्याच्या खाकरण्यावरून... काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ संपवली होती, समोर माणूस आहे एवढंच कळे, फार तर डोळ्यांशी धरलेलं मोठं अक्षर. "आत ये," ती म्हणाली. बाबांच्या शेवटच्या आजारात हेच दोन शब्द ऐकायला ती याच भावाच्या उंबऱ्यावर तासभर उभी होती, आणि त्यानं दार लावून घेतलं होतं!

तो बसला नाही. फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा त्यानं टेबलावर ठेवला.

"नातं जोडायला आलेलो नाही. नाझींच्या छावणीत मारल्या गेलेल्या लोकांचं स्मृतिसंग्रहालय आहे ना, त्यांना हा मांडायचाय. तिथल्या पहारेकऱ्याचा म्हणून. आपल्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानाचा लेखी निर्वाळा मागितलाय. मला खरा वाटतो."

"मग लिहून दे की."

"खोटं कसं करतात ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

टोमणा वर्मी लागला, पण ताईला आता टोमण्यांची सवय झाली होती. तिनं कॅमेरा हातात घेतला. वजन बरोबर, चावीचा आवाज बरोबर, जुन्या चामड्याचा वासही बरोबर. कॅमेरा त्या काळातलाच होता, त्यात खोट नव्हती. खोट असलीच तर वरच्या झाकणावरच्या गरुडात असणार, ज्या चिन्हाखाली माणसं गाड्या भरभरून मरायला पाठवली गेली त्या चिन्हात... साध्या जुन्या कॅमेऱ्यावर तो गरुड कोरला की घेणारे वेड्यासारखे मागे लागत. अशा माणसांच्या हौसेला काय म्हणावं!

तिनं अंगठ्याचं नख पंखाच्या खाचेवरून हळूच ओढलं, आणि पुन्हा एकदा ओढलं.

कोरणी पितळेत शिरली की खाचेच्या काठावर पितळेची बारीक कड उभी राहते. ती घासायला जावं तर शेजारचा जुना मुलामा उडतो आणि बिंग फुटतं, म्हणून बाबा ती कधीच पुरती घासत नसत. बाबा डावखुरे होते, त्यांची कड डाव्या काठावर राही. इथंही डावीकडेच होती...

त्यांच्याच हातचा गरुड! खोट्या गरुडांच्या तक्रारीवरून पोलीस दुकानात आले त्या दिवशी बाबांचे ओठ निळे पडले होते, आधीच हृदय अर्धं कामातून गेलेलं, धाकट्याचं शिक्षण अपुरं. तिनं बाबांच्या हातातली कोरणी काढून घेतली आणि म्हणाली, मी केलंय. दोन वर्षं तुरुंग, ठरलेलं लग्न मोडलं, आणि ज्याच्यासाठी हे केलं त्या भावाच्या लेखी ती बापाच्या नावाला काळं फासणारी ठरली. बाबा गप्प राहिले. त्या गप्प राहण्यालाही तिनं आजवर माफच केलं होतं.

"खोटा आहे," ती म्हणाली. "मीच कोरलाय. तसं लिहून दे."

"नुसत्या नखानं कळलं?"

"आपला हात आपल्याला कळतो रे."

त्यानं कॅमेरा तिच्याकडून घेतला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. ती घाईनं म्हणाली, "बघायचं काय त्यात? ठेव." पण तोही त्याच दुकानात वाढलेला होता.

"ताई, कड डावीकडे आहे."

तिनं कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला.

"तू उजव्या हातानं काम करतेस. मी लहानपणापासून बघतोय. ताई... हे बाबांनी केलंय."

"ते गेले आता. त्यांचं नाव राहू दे."

तो खुर्चीत बसला, म्हणजे कोसळलाच. "शेवटच्या दिवशी ते तुला बोलवत होते. सारखं एकच, तिला आणा, तिला आणा... मला वाटलं, तुझ्यावर रागावायला. म्हटलं, आता कशाला त्रास. म्हणून दार लावलं मी." पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले.

ताईनं चाचपडत त्याचं डोकं शोधलं. केस विरळ झाले होते. किती वर्षं गेली... तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ज्या डोळ्यांना धड काही दिसत नव्हतं, त्यांना रडायला मात्र अजून येत होतं.

"मी खरं लिहिणार," तो म्हणाला. "त्या लोकांच्या फोटोंशेजारी खोटं ठेवायचं नाही. गरुड आमच्या वडिलांनी कोरला, बहिणीनं नाही, असंच लिहिणार."

"दुकान बसेल."

"बसू दे."

त्यानं कागद पुढे ओढला. ताईनं चष्मा शोधला, कपड्यानं पुसला, नाकावर चढवला आणि खुर्ची त्याच्याजवळ सरकवली.

"अक्षर मोठं काढ," ती म्हणाली. "मला वाचायचंय."