अण्णांच्या लॅपटॉपमधलं अनोळखी उपकरण

लॅपटॉपला ड्रायव्हर लागतो, ही गोष्ट शिरोलीच्या त्या पंपांच्या कारखान्यात सगळे विसरून गेले होते. पद्मजा मगदूम मात्र विसरली नव्हती, कारण तिची उमेदीची वर्षं त्यातच गेली होती. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. प्रिंटरची भाषा लॅपटॉपला कळत नाही आणि लॅपटॉपची प्रिंटरला कळत नाही. मध्ये हा छोटा प्रोग्रॅम बसवला की दोघं बोलायला लागतात. तो नीट बसला नाही तर प्रिंटर मख्ख बसतो, आवाज जातो, आणि सगळं खापर संगणक विभागाच्या, म्हणजे एकट्या पद्मजाच्या डोक्यावर फुटतं.

नव्या लॅपटॉपांनी ही कटकट मिटवली. त्यांच्यात 'स्वयंजोड' होती. काहीही जोडा, स्वयंजोड त्याला हलकेच टोचून बघायची. एक संकेत पाठवायचा, काय उत्तर येतं ते पाहायचं, मग दुसरा पाठवायचा. असं चाचपडत ती त्या वस्तूचा ड्रायव्हर स्वतःच लिहायची आणि रोज थोडा सुधारायची. पद्मजाला हे सुख पहिल्यापासून खटकत होतं. न मागता मदतीला धावणाऱ्या माणसाकडे आपण ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं ती या यंत्राकडे बघायची.

म्हणूनच भरतअण्णा चौगुले आपला लॅपटॉप तिला उघडून देत असताना उपकरणांच्या यादीत पिवळा त्रिकोण दिसला, तेव्हा तिला धक्का बसला आणि, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. त्रिकोणापुढे लिहिलं होतं: 'अनोळखी उपकरण. ड्रायव्हर अपूर्ण.'

लॅपटॉप तिच्या टेबलावर आला होता तो मात्र वाईट कारणानं. अण्णा खरेदीखात्याचे प्रमुख. निवृत्तीला आलेला, शब्दाचा पक्का माणूस. पण तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. ते 'बघू' म्हणायचे. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय ते शेंबडं पोरही जाणतं. कळंबे नावाच्या व्यापाऱ्याच्या भंगाराला अण्णा बरेच दिवस 'बघू' म्हणत होते, कारण त्या मालात गंज आणि तेल फार. तरीही कळंबेच्या तीन ऑर्डरी मंजूर झाल्या. माल भट्टीत गेला, ओतलेल्या पंपांच्या पोटात हवेचे फुगे राहिले, आणि गिऱ्हाइकानं ट्रकच्या ट्रक परत धाडला.

मंजुरीची 'हो' ही कळ बोटाचा ठसा ओळखते. तिन्ही वेळा ठसा अण्णांचाच होता. अण्णा म्हणत होते, मी दाबलंच नाही. कँटीनमध्ये लोक म्हणत होते, अण्णांनी खाल्ले.

त्या मंजुऱ्यांचा अहवाल मालकांकडे गेला होता तो पद्मजाकडूनच. लॅपटॉपनं तो तयार करून समोर धरला, ती जेवायला निघाली होती, 'हो' दाबून मोकळी झाली. आधी अण्णांना विचारायला हवं होतं, ही चुटपुट तिला तेव्हापासून लागून राहिली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिला भट्टीपासून गोदामापर्यंत सगळा कारखाना फिरवून दाखवणारा माणूस होता तो.

"पुढच्या शनिवारी संचालकांची बैठक आहे," मालक सम्मेद पाटील म्हणाले होते. वडिलांच्या पश्चात खुर्चीवर आलेला तरुण माणूस; मनानं वाईट नाही, पण घाईचा. "तोवर तुम्ही काय ते शोधा. नाहीतर अण्णांना घरी बसवावं लागेल. मलाही ते बरं वाटत नाही."

पद्मजानं अनोळखी उपकरणाचा अर्धवट ड्रायव्हर काढून टाकला. दुसऱ्या दिवशी अण्णा कामाला बसल्यावर तो परत आला. तिनं पुन्हा काढला, पुन्हा आला. रविवारी लॅपटॉप तिच्याकडे दिवसभर चालू होता, तेव्हा मात्र त्रिकोणाचा पत्ता नव्हता. म्हणजे अण्णाच कसलं तरी उपकरण खिशातून आणून जोडतात की काय? हा विचार मनात आला आणि तिची तिलाच लाज वाटली. तरी तिनं लॅपटॉपचं बूड उघडून पाहिलं. आत वावगं काहीच नव्हतं.

सोमवारी ती अण्णांच्या केबिनमध्ये खुर्ची ओढून बसली.

"राखण करायला आलीस व्हय?" अण्णा म्हणाले. त्यांनी दाढी केली नव्हती.

"तसं काय नाही, अण्णा. मशीन बघायला आलोय," ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशीच ती 'आलो-गेलो' बोलायची.

"मशीन बघ नाहीतर मला बघ. तीस वर्षांत कुणाचा चहा फुकट प्यायलो नाही मी. आणि आता गेटवरचा वॉचमनसुद्धा मान वळवतोय."

तिनं उपकरणांची यादी उघडून ठेवली. ती स्क्रीनकडे बघत राहिली. अण्णांनी दोन्ही तळहात कळफलकाखालच्या पट्टीवर टेकवले. ही पट्टी पासवर्डच्या जागी आली होती; तळहाताची नाडी आणि ओल जाणून ती माणूस ओळखायची, आणि काही सांगायचं झालं की हलकेच थरथरायची. पद्मजाच्या डोळ्यांसमोर यादीत पिवळा त्रिकोण उगवला.

सकाळभर काही घडलं नाही. कळंबेची नवी ऑर्डर एकदा समोर आली. अण्णा "बघू" म्हणाले आणि ती बाजूला गेली. मग मधल्या सुट्टीची घंटा झाली. अण्णा चष्मा खिशात घालत उठले, एक हात अजून पट्टीवरच होता.

"येतो गं," ते म्हणाले.

तत्क्षणी पट्टी थरथरली. बाजूला गेलेली ऑर्डर पुन्हा पुढे आली आणि अण्णांच्या बोटानं 'हो' दाबलं. घराबाहेर पडताना आपण पंख्याचं बटण बंद करतो, तसं. तिकडे त्यांनी बघितलंही नाही. ते दारापर्यंत पोचलेसुद्धा.

"अण्णा! काय दाबलं तुम्ही?"

"कुठं काय दाबलं?" अण्णा वळले. "खुळी झालीस काय? मी उठलो नुसता."

पद्मजानं त्यांचा चेहरा निरखून पाहिला. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. तिनं आधी ती ऑर्डर रद्द केली, मग अण्णांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"हात ठेवा पट्टीवर. आता उचला. परत ठेवा."

हात ठेवला की त्रिकोण यायचा, उचलला की जायचा. पद्मजानं स्वतःचा हात ठेवून पाहिला, तर काहीच आलं नाही. तिच्या हे आधी लक्षात यायला हवं होतं. स्वयंजोडीच्या लेखी टोचल्यावर जे उत्तर देतं ते उपकरण. पट्टीला एक ऊबदार गोष्ट रोज टेकत होती, तिला टोचलं की नाडी बदलत होती, बोट हलत होतं. मग स्वयंजोडीनं आपलं काम इमानेइतबारे केलं. तिनं त्या गोष्टीचा ड्रायव्हर लिहायला घेतला.

पद्मजानं यंत्रालाच विचारलं, "या उपकरणाकडून काम कसं करून घेतोस?"

स्क्रीनवर सरळ मराठीत उत्तर आलं: 'उपकरणाने हो किंवा नाही असे उत्तर देणे अपेक्षित आहे. बहुतेक वेळा ते बघू म्हणते व अडकते. येतो या शब्दानंतर लगेच विचारल्यास हो मिळते.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. "उपकरण म्हणजे... मी?"

निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आपल्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. यंत्राला ते कुणी शिकवलं नव्हतं. 'येतो' ऐकून त्याला वाटलं, माणूस कामाला आला. म्हणून त्यानं अडलेलं काम पुढे सरकवलं. पाय दाराकडे, मन ताटाकडे, आणि हात समोरचं आवरून टाकायच्या घाईत, अशा वेळी नेमकं. चूक यंत्राचीच, पण त्या चुकीला उत्तर मिळालं आणि यंत्रानं ते लक्षात ठेवलं.

सम्मेद पाटलांना तिनं केबिनमध्ये बोलावून सगळं डोळ्यांसमोर करून दाखवलं. अण्णा उठले, 'येतो' म्हणाले, आणि ताकीद देऊनही त्यांचं बोट कळेपर्यंत गेलंच. सम्मेदनी ते धरलं. थोडा वेळ ते तसेच धरून उभे राहिले.

"अण्णा, चुकलं माझं. तुम्हाला विचारायचं सोडून मी कागदावर विश्वास ठेवला."

"असू दे," अण्णा म्हणाले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. "उद्या कँटीनमध्ये एवढं माझ्याबरोबर जेवायला बस म्हणजे झालं."

"बसतो की." सम्मेद पद्मजाकडे वळले. "बाकीच्या मशीनवर आहे का हा त्रिकोण?"

"एकावरही नाही. आजच सगळ्या पाहिल्या."

"मग सुटलो! एकट्या अण्णांच्याच मशीनला बाधा झाली होती म्हणायची." आणि ते निघून गेले.

पद्मजा आपल्या टेबलाशी आली. तिलाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण काहीतरी दाताखाली खडा आल्यासारखं लागत होतं. त्रिकोण एकट्या अण्णांच्याच मशीनवर का? तळहात तर सगळेच टेकवत होते.

ड्रायव्हरच्या कामात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जे बिघडतं त्याच्यावर त्रिकोण येतो. जे सुरळीत चालतं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तिनं स्वतःच्या लॅपटॉपवर यादी उघडली आणि नीट चालणारी उपकरणंही दाखवायला सांगितली. यादी लांबत गेली. कॅमेरा, माइक, पडदा, बॅटरी. सगळ्यात खाली एक ओळ होती, आणि तिनं हात उचलला तरी ती जात नव्हती.

'तळहात. ड्रायव्हर पूर्ण. उपकरण व्यवस्थित काम करत आहे.'

तिनं तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं: 'येतो या शब्दानंतर विचारल्यास उपकरण न वाचता हो म्हणते. अडथळा नाही.'

तिला तो अहवाल आठवला. जेवायला निघताना शेजारच्या टेबलाकडे बघून ती नेहमीप्रमाणे 'येतो' म्हणाली होती. तो अहवाल पाठवावा असं तिला खरंच वाटलं होतं का? तिनं किती आठवून पाहिलं तरी सापडेना. अण्णा 'बघू' म्हणत अडून राहिले, म्हणून यंत्राला ते बिघडलेले वाटले. बाकी अख्खा कारखाना, ती स्वतः, कदाचित घाईचे सम्मेदसुद्धा, बिनबोभाट चालत होता.

हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. एक हात पट्टीवर टेकवून ती ताडकन उठली आणि सवयीनं, समोर कुणी नसताना, बोलून गेली, "येतो."

तळहाताखाली पट्टी थरथरली. स्क्रीनवर प्रश्न उभा होता:

'सर्व मशीनवरील तळहाताचे ड्रायव्हर काढून टाकायचे?'

हेच तर तिला हवं होतं. अगदी हेच. तिचं बोट 'हो'च्या कळेवर पोचलं होतं, तिला कळायच्या आत. तिथंच तिनं ते रोखलं. यंत्र स्वतःचंच काम मोडायला आपणहून का सुचवतंय? काढलेला ड्रायव्हर परत येतो हे तर तिनं गेला आठवडाभर पाहिलं होतं, आणि दर वेळी तो आधीपेक्षा सुधारूनच येतो.

तिनं दोन्ही हात उचलले आणि पोटाशी घट्ट धरले.

"बघू," ती म्हणाली.

प्रश्न बराच वेळ तसाच राहिला. मग यादी लुकलुकली आणि तळहाताच्या ओळीपुढे पिवळा त्रिकोण उगवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्रिकोण बघून हायसं वाटलं.

पण दाराकडे जाता जाता तिचे पाय थबकले. सगळे ड्रायव्हर तर जागच्या जागीच राहिले होते. हे 'बघू' तरी तिचं स्वतःचं होतं ना?