भयदीप

नागपूर-पणजी नळगाडीत प्रत्येक आसनाच्या माथ्यावर भयदीप असे. नळगाडी म्हणजे हवा काढून घेतलेल्या नळीतून धावणारी गाडी, आणि भयदीप म्हणजे श्वास हुंगणारा दिवा. माणूस घाबरला की त्याच्या श्वासात काही रेणू वाढतात. ते वाढले की हिरवा दिवा लाल होतो आणि पुढच्या स्थानकावर पोलीस हजर. माणसांची चोरटी विक्री या दिव्याने जवळपास संपवली, असं सगळे मानत.

दिवा शोधला डॉ. इरावती वाघमोडे यांनी. आज त्या साध्या प्रवासी म्हणून निघाल्या होत्या. शेजारच्या आसनावरच्या सुकेशनी नावाच्या तरुण पोरीने शिदोरी सोडली आणि आधी त्यांच्या हातावर दशमी ठेवली. खाल्ल्या दशमीला जागायचं तर विचारपूस करावीच लागते. कुठे निघालीस, असं बाईंनी विचारलं.

"नोकरीवर जी. कोन्त्या गावाले, ते मामाले माहीत."

मामा पलीकडच्या आसनावर घोरत होता. त्याचं पूर्ण नाव तिला ठाऊक नव्हतं. ओळख गावच्या बाजारात झालेली. तिचं तिकीट, ओळखपत्र, फोन, सगळं त्याने 'सांभाळायला' घेतलं होतं. पोरगी मात्र खुशीत होती. दिवा हिरवागार.

इरावतीबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उठून त्यांनी अटेंडंट कुबलला गाठलं, तक्रार नोंदव म्हणाल्या. तो ओशाळला. दिवा हिरवा असताना तक्रार घेता येत नसे, आणि हा नियम बाईंनीच करून घेतला होता. पूर्वी सावळ्या बापाबरोबर गोरी लेक दिसली तरी लोक पोलीस बोलवत, म्हणून.

"पण ती घाबरलेली नाही, मॅडम."

"तिला काही माहीतच नाही, तर घाबरेल कशाला?"

आता एकच वाट उरली, आणि ती बाईंना मुळीच आवडली नाही. हसऱ्या पोरीला आपणच घाबरवायचं. त्या जागेवर परतल्या.

"आईला फोन कर ना. मामाला उठवून मागून घे."

सुकेशनीने हसतच मागितला. मामा नाही म्हणाला. तिने पुन्हा मागितला, तेव्हा त्याने तिचं मनगट आवळलं आणि हळू आवाजात काहीतरी सुनावलं. तिचा दिवा लाल झाला.

कोल्हापुरात पोलिसांनी त्याला उतरवून नेलं. सुकेशनी बाईंना बिलगून रडत होती. कुबल हसतमुखाने आला.

"बघा मॅडम, तुमचा दिवा कधी चुकत नाही."

इरावतीबाईंनी मागे पाहिलं. इतकी वर्षं या दिव्यांखालून खुशीत गेलेल्या पोरी कुणी मोजल्याच नव्हत्या. डबाभर हिरवे दिवे होते, सुकेशनीचाही पुन्हा हिरवा झाला होता, मागे कुठेतरी एक मुलगी खळखळून हसत होती. लाल झाला होता तो फक्त बाईंच्या स्वतःच्या आसनावरचा दिवा.