पाण्यातली कवळी

मावशीने कपाट उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. कवळी नव्हती. ज्या वाटीत ती पाण्यात ठेवली होती, ती वाटीही नव्हती. फळीवरच्या प्लास्टरच्या धुळीत वाटीच्या बुडाएवढी गोल जागा तेवढी स्वच्छ होती.

मावशीच्या मागे व्हिसा कार्यालयातले साहेब उभे होते. ते ती कवळी तपासायलाच आले होते.

दातांच्या त्या लहानशा कारखान्यात चारच माणसं. म्हातारे मालक, त्यांना सगळे काका म्हणत. त्यांचा पुतण्या. प्लास्टरचे साचे ओतणारी मावशी. आणि दूरच्या देशातून आलेला कारागीर. त्याला येऊन बरीच वर्षं झाली, तरी त्याचं नाव पाहुणाच राहिलं होतं.

पाहुण्याला काकांनीच व्हिसावर आणलं होतं. असा व्हिसा मालकाच्या दावणीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की देशही सुटतो. आज पाहुण्याच्या हातच्या कामाची परीक्षा होती. कवळी साहेबांच्या पसंतीला उतरली, की कायमचा परवाना मिळणार. मग बायको आणि मुलगी इकडे येणार, आणि नोकरी हवी तिथे करता येणार. नाही उतरली, तर महिनाअखेर परतीचं विमान.

नियमाप्रमाणे साहेबांनी 'नमुना नाही' असं लिहून निघायचं होतं. पण कारखाना बंद होईपर्यंत थांबतो, असं ते म्हणाले. घरी लवकर जाऊन तरी काय करायचं होतं? बायको गेल्यापासून घर कुलपासारखं गप्प झालं होतं.

पाहुणा बाकावर बसला होता. हात मांडीखाली दाबून.

"कपाटाला कुलूप नसतं?" साहेबांनी मावशीला विचारलं.

"नाही, साहेब. दात कोण चोरणार?"

"शेवटची कधी पाहिलीस?"

"काल काम संपल्यावर. वाटी काठोकाठ भरली, झाकण ठेवलं. कोरडी पडली तर कवळी वाकते. मग तोंडात नीट बसत नाही."

बाहेरच्या दाराच्या किल्ल्या दोनच. एक पुतण्याकडे, एक काकांकडे. काका वरच्या मजल्यावर राहत आणि पाहुणा त्यांच्या शेजारच्या खोलीत. आपली किल्ली नाही, काकांचीच मागून घेतो, असं पाहुण्याने सांगितलं. रात्रीचं जेवण दोघं एकाच टेबलावर करत.

पुतण्या तावातावाने बोलला. पाहुण्यानेच कवळी गायब केली असणार. काम बिघडलं असेल, आता तोंड लपवतोय.

"तुम्हाला येते बनवता?" साहेबांनी विचारलं.

"मी हिशेब बघतो."

मावशी हसली. "त्याला विचारू नका, साहेब. एका आजोबांची कवळी परवा खिशात घालून पोचवली यानं. कोरडी ठणठणीत. आजोबा अजून पेजेवर आहेत."

साहेबांनी पुन्हा कपाट पाहिलं. फळीवरच्या धुळीत पाण्याचा एक थेंबही पडला नव्हता. मग ते जिना चढून वर गेले.

काकांची खोली नीटनेटकी होती. एक खाट, दोन खुर्च्यांचं टेबल, भिंतीवर काकूंचा फोटो. उशाशी झाकणाच्या दोन पांढऱ्या वाट्या, खाली कारखान्यात असतात तशाच. काका भाजलेले शेंगदाणे खात बसले होते. त्यांनी साहेबांपुढे बशी सरकवली.

"घ्या. माझे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत. लोक म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत. माझ्याकडे दोन्ही आहेत, वाटून खायला माणूस नाही."

साहेबांची नजर उशाकडे गेली.

"हिची कवळी," काका हळूच म्हणाले. "मीच केली होती. रोज पाणी बदलतो. टाकवत नाही."

साहेबांनी मान खाली घातली. त्यांच्या घरी बायकोचा चष्मा अजून खिडकीत होता. पुढचा प्रश्न त्यांना विचारवला नाही. त्यांनी दुसराच विचारला.

"नमुना मिळाला नाही तर पाहुण्याचं कसं होणार?"

"होतंय काय? मी मुदत वाढवून घेईन. मागेही घेतली होती. राहील इथंच."

साहेब खाली आले. कारखाना बंद व्हायच्या सुमारास ते तिघांना घेऊन काकांच्या खोलीत गेले.

"कवळी ज्याला बिघडवायची होती," ते म्हणाले, "त्याने ती फोडली असती. निदान खिशात घालून नेली असती. पुतण्याने तर नक्कीच. पाहुण्याला खराब काम लपवायचं असतं, तर त्यानेही तेच केलं असतं. पण इथे काठोकाठ भरलेली वाटी कोणीतरी थेंब न सांडता नेली. नेणाऱ्याला कवळी लपवायची होती, पण ती वाकलेली त्याला बघवली नसती. हात चोराचा होता, सवय कारागिराची."

ते काकांकडे वळले.

"दाराची किल्ली काकांकडे. काकांचे दात सगळे स्वतःचे. काकूंची कवळी एका वाटीत मावते. मग दुसऱ्या वाटीत कोणाचे दात आहेत, काका?"

काकांच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला.

"काखेत कळसा," मावशी पुटपुटली.

"शहरातल्या मोठ्या कारखान्याचा फोन आला होता त्याला," काका म्हणाले. "मी ऐकलं. परवाना मिळाला की गेलाच असता. मला वाटलं, अजून थोडे दिवस. समोरच्या खुर्चीत कोणीतरी असतं जेवताना."

"मुदतवाढ आता बंद झालीय, काका. परीक्षा नाही, तर परवाना नाही. तुम्ही त्याला ठेवून घेत नव्हता, घालवत होता."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

साहेबांनी पाहुण्याला विचारलं, तक्रार लिहून घेऊ का? पाहुण्याने उशाची ती वाटी उचलून साहेबांपुढे धरली.

"कसली तक्रार? वाटी वर राहिली होती. सापडली."

मग काकांकडे न बघता तो म्हणाला, "मी त्या कारखान्याला अजून हो म्हटलं नव्हतं. विचारायचं होतंत."

साहेबांनी कवळी खिडकीशी नेली, उजेडात फिरवून पाहिली, मावशीने खालून आणलेल्या साच्यावर बसवली. नखही जाणार नाही अशी बसली. त्यांनी सही केली.

जिना उतरताना त्यांनी एकदा मागे पाहिलं. काका खाटेवर तसेच बसले होते. आज त्यांच्या हातून राहून गेलं होतं, म्हणून पाहुणा काकूंच्या वाटीतलं पाणी बदलत होता.

घरी आल्यावर साहेबांनी खिडकीतला चष्मा उचलला. काचांवर धूळ साचली होती. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने तो पुसला आणि होता तिथेच ठेवला.