गुलाबी ढग

सकाळी लॅबमध्ये आले की मी आधी मूठभर गहू उकळत ठेवते. त्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि ते खाऊन माझे गुलाबी जीव वाढतात. एक जीव म्हणजे एकच पेशी. बशी उजेडात धरली तर बारीक कणी दिसते, एवढीच. त्यांच्या कातडीखाली विषाच्या लालसर पुटकुळ्या असतात. पाण्यातला दुसरा एकपेशीय शिकारी सोंड टेकवतो तेव्हा त्या फुटतात आणि भोवती गुलाबी ढग पसरतो. शिकारी आधी सोंड आखडतो, मग मागे सरतो, मग मरतो. माझा जीव पांढरा पडतो, पण जगतो आणि काही दिवसांत पुन्हा गुलाबी होतो.

हे परीक्षकांना दाखवायचं होतं. जमलं तर माझी नोकरी पक्की, नाहीतर महिनाअखेरीस गाशा गुंडाळायचा.

आणि नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. मी मायक्रोस्कोपला डोळा लावावा, तर सगळे आधीच पांढरे! शिकारी अजून बशीत सोडलेलाही नसायचा. मग सोडला की तो या रिकाम्या जीवांना आरामात गिळायचा. मी कपाळावर हात मारून घ्यायचे आणि नवी बशी भरायला बसायचे.

एकेक जीव काचेच्या बारीक नळीने उचलावा लागतो. नळीला रबर जोडायचं, रबराचं टोक तोंडात धरायचं आणि हलकेच ओढायचं. सर यावरून ओरडतात, पण हात बसलाय तो बसलाय. मागे एकदा जोर जास्त झाला आणि शिकाऱ्यांचा अख्खा घोट घशाखाली गेला. चूळ भरली, वर चहा प्यायले, विसरून गेले.

मी साबण बदलला, डोक्याचं तेल बंद केलं, दिव्याला लाल कागद लावला. फरक शून्य.

"आई, तुझा आता कसलाच वास येत नाही," मुलगी घरी म्हणाली आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीला सगळे चिमणी म्हणतात. तिने माझ्याच बाटलीतले जीव घेऊन प्रयोग केला. शिकारी आला, ढग उठला, शिकारी मेला.

"अगं, छान चाललंय की! तू उगाच डोकं पिकवतेस."

"बघू," म्हणत मी तिच्या खुर्चीपाशी गेले. तिचा डोळा अजून मायक्रोस्कोपलाच होता.

"थांब," ती म्हणाली. "बाकीच्यांचाही रंग गेला."

आमचे सर भुताखेतांची टर उडवणारे. त्यांनी बशीवर कॅमेरा लावला, मला बाहेर कॉरिडॉरमध्ये बसवलं आणि थोड्या वेळाने हाक मारून रेकॉर्डिंग दाखवलं. पडद्यावर जीव मजेत फिरत होते. एकाएकी सगळे एकदम फुटले. पडदा गुलाबी झाला. त्यानंतर दाराची कडी वाजल्याचा आवाज, आणि माझा आवाज : "सर, येऊ का आत?"

ढग आधी, दार नंतर.

"प्रात्यक्षिक चिमणी करेल," सर म्हणाले. "तू त्या दिवशी घरीच थांब."

"सर, जीव मी वाढवलेत."

"माहितेय मला." त्यांनी मान वर केली नाही. खुर्ची मात्र जरा मागे सरकवली.

माझा नुसता संताप संताप झाला. इतकी वर्षं रक्त आटवलं ते हे ऐकायला?

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी घरीच होते. दुपारी चिमणीचा फोन आला. "झालं गं! परीक्षक खूश आहेत." मग चाचरत म्हणाली, "ती जागा... ते मलाच देतायत. मी नाही म्हणू का?"

"घे," मी म्हणाले आणि फोन आपटला. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. त्या क्षणी आपलं माणूस जवळ हवं होतं, बस.

मुलगी आतल्या खोलीत झोपली होती. सासूबाई तिच्याशेजारी बसल्या होत्या.

"हळू गं," त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय. खेळून खेळून गाल बघ कसे लालेलाल झालेत."

दारातूनच दिसत होते. खरंच लाल होते.

मी जवळ गेले. ती झोपेतच भिंतीकडे सरकली.

मी वाकले आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवले.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "ही एकदम पांढरी कशी पडली?"

उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर, तिच्या डोक्याभोवती, फिकट गुलाबी ओल हळूहळू पसरत होती.

मी मागे सरले. माझ्या ओठांना मुंग्या यायला लागल्या होत्या.